दोषाची वाटणी

अंतिम रेषेवर लोखंडी स्वागतकमान उभी दिसली आणि वैजयंती इंगवलेंचं डोकं सणकलं.

"ही कुणी उभी केली?"

"मांडववाल्यानं," क्लबचे सेक्रेटरी शांतपणे म्हणाले. "पाहुणे येणार हैत बक्षीस द्यायला. कमान नको व्हय?"

"मागच्या महिन्यात सांगितलं. त्याच्या मागच्या महिन्यात सांगितलं. कागदावर लिहून ऑफिसात डकवलं. इथं जमिनीत तार आहे. तारेवर लोखंड उभं करू नका!"

"तार खाली हाय ताई, कमान वर हाय. दोघांचा संबंध काय?"

अठ्ठावीस वर्षं पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलेल्या बाईला हे ऐकून रडावं की हसावं तेच कळेना. तरी तिनं पुन्हा एकदा, पहिलीच्या वर्गाला सांगावं तसं सांगितलं. ट्रॅकला आडवा चर खणून त्यात तारेचा लांबट वेढा पुरलेला आहे. प्रत्येक गाडीत एक डबी आहे. ती डबी कानाला ऐकू न येणारा एक सूर सतत काढते. गाडी वेढ्यावरून गेली की तार तो सूर ऐकते, गाडी बरोबर मधोमध आली की सूर टिपेला पोचतो आणि तो क्षण सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदला जातो. जवळ एवढं लोखंड आलं की सुराची वाट लागते. गेल्या खेपेला कमानीपायी अकरा नंबरच्या गाडीनं चार सेकंदांत अख्खी फेरी मारल्याची नोंद झाली होती, आणि तिच्या मालकानं पेढे वाटले होते.

"पेढे चांगले होते," सेक्रेटरी म्हणाले आणि कमान हलवायला माणसं बोलवायला गेले.

सन २०३९. रस्त्यावरच्या गाड्या आपापल्या चालायला लागून आता बरीच वर्षं झाली होती, नव्या गाड्यांना तर स्टिअरिंगच नसायचं. ज्याला स्वतःच्या हातानं गाडी चालवायची खुमखुमी असे, तो कोल्हापूरजवळच्या या वाघजाईच्या माळावर यायचा. क्लबात बहुतेक फौंड्रीवाले. जुन्या पेट्रोलच्या गाड्या जीव लावून सांभाळायच्या, महिन्यातून एकदा पळवायच्या आणि मग निकालावरून भांडायचं. पूर्वी वेळ मोजायला तीन पंच, तीन घड्याळं, आणि तिन्ही पंच कुणाचे ना कुणाचे पाहुणे. परदेशी यंत्र घ्यायचं तर एका गाडीची किंमत. तेव्हा क्लबचे अध्यक्ष आनंदराव इंगवले, म्हणजे वैजयंतीचे थोरले भाऊ, म्हणाले होते, "वैजू, तू निवृत्त होऊन बसलीयेस. कर की कायतरी."

तिनं केलं. भंगारातल्या मोबाइलमधून चिपा काढल्या, त्या चुन्याच्या प्लॅस्टिकच्या डब्यांत बसवल्या, आणि परदेशी यंत्राला लाजवील अशी वेळ मोजून दाखवली. खरं तर तिचं काम तिथंच संपायला हवं होतं.

पण संपेल ते क्लबवाले कसले! वेळ कळली, तसं भांडण पुढं सरकलं. उशीर झाला तो कुणामुळं? हरलेला चालक म्हणायचा, गाडीनं ओढच धरली नाही. मिस्त्री म्हणायचा, गाडी सोन्यासारखी आहे, चालवणाऱ्याच्या हातात दम नाही. दर शर्यतीनंतर मिसळीच्या हॉटेलात दोन-दोन तास हेच. आनंदराव सहा महिने तिच्या मागं लागले, "यंत्रालाच विचार की, दोष कुणाचा." ती सहा महिने नाही म्हणाली. सातव्या महिन्यात बसली कामाला, कारण गणित तिला आवडलं होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

डबीत हालचाल ओळखणारा मोबाइलचाच एक तुकडा होता. वेग, ब्रेक, वळण, सगळं तो सेकंदाला हजार वेळा टिपायचा. त्यावरून संगणक गाडीची कुवत ठरवायचा: ही जास्तीत जास्त किती ओढते, किती अंतरात थांबते. मग हिशेब करायचा, की एखाद्या निर्दोष चालकानं हीच गाडी चालवली असती तर फेरीला किती वेळ लागला असता. त्याच्यापेक्षा जास्त लागलेला वेळ तो चालकाचा दोष. गाडीच एका फेरीला एक आणि दुसऱ्या फेरीला दुसरं वागली, तर तो गाडीचा दोष. शर्यत संपली की प्रत्येकाच्या हातात एक कागद पडायचा. त्यावर दोन रकाने, दोन आकडे.

कागद क्लबाला असा काही मानवला की विचारू नका. वर्षभरात कोइमतूरपासून जालंधरपर्यंत एकोणीस क्लबांनी यंत्र मागवलं. चालकाचा दोष कमी आलेल्यांनी कागद फ्रेम करून दिवाणखान्यात लावले. गाडीचा दोष जास्त आलेल्यांनी मिस्त्री बदलले. सांगलीच्या एका स्थळानं तर मुलाच्या पत्रिकेबरोबर कागदही मागितला. वैजयंती कपाळावर हात मारून घ्यायची. पण आपलं यंत्र एवढं चाललंय याचं तिला बरंही वाटायचं, खोटं कशाला बोला.

सगळ्यांत कमी दोष असायचा तो आनंदरावांचा. वय त्रेसष्ट, अकरा वेळा क्लबचे विजेते, आणि गेली दोन वर्षं मात्र चौथे नाहीतर पाचवे. कागद सांगायचा, चालक पहिला, गाडी शेवटून दुसरी. कागद खिशात घालून ते शर्यत हरूनही जिंकल्यासारखे हिंडायचे.

कमानीच्या त्या रविवारीही ते पाचवे आले. दोन दिवसांनी, मंगळवारी सकाळी, त्यांचा फोन आला. "वैजू, फौंड्रीत ये. आत्ताच्या आत्ता."

ती गेली तेव्हा पांढऱ्या गाडीचं बॉनेट उघडं होतं. बाजूला दस्तगीर मुजावर उभा होता. तीस वर्षं आनंदरावांचं इंजिन त्याच्याच हातचं. आनंदरावांनी तिच्यासमोर ॲल्युमिनियमची एक चकती आपटली. मधे भोक, साधारण एका नाण्याएवढं.

"इंजिनाच्या नरड्यात बसवली होती ही. हवाच कमी जाईल अशी सोय! मी स्वतः खोललं म्हणून घावली. तीस वर्षं माझ्या ताटात जेवला ह्यो माणूस, आणि दोन वर्षं माझ्याच गाडीचं नाक दाबून बसलाय."

"दस्तगीरभाई, खरं का?"

"खरं हाय, ताई."

"का पण?"

दस्तगीरनं आनंदरावांकडं पाहिलं. "आनंदराव, तुमचा पाय पयल्यासारखा राहिला न्हाई. वाघजाईच्या वळणाला कधी अलीकडं ब्रेक मारता, कधी लई पलीकडं. वेग कमी असला की निभतंय. म्हणून कमी केला."

"माझा पाय!" आनंदरावांनी खिशातून कागदाची घडी काढून झटकली. "हे बघ. चालकाचा दोष, सगळ्या क्लबात कमी. आणि खाली काय लिवलंय? ब्रेक एकसारखे लागत नाहीत. गाडीचा दोष! म्हणजे तुझा. दोन वर्षं झाली, पॅड बदल म्हणून घसा कोरडा केला मी."

दस्तगीर वैजयंतीकडं वळला. "ताई, मशीन तुमचं हाय. तुम्हीच सांगा."

तिनं कागद हातात घेतला. तो तिला तोंडपाठ होता. "आकडे तर तसंच म्हणतात," ती म्हणाली.

दस्तगीरनं आपली पान्यांची पेटी उचलली आणि तो निघून गेला. आनंदरावांनी चकती भंगाराच्या ढिगात भिरकावली. महिन्याच्या शर्यतीखेरीज वर्षाअखेरीची मोठी शर्यत येत्या रविवारी होती आणि ते चकतीशिवाय उतरणार होते.

चकती वैजयंतीच्या डोक्यातून हलेना. गाडी सुस्त केली तर निर्दोष चालकाची वेळही सुस्तच निघणार, आणि तिच्या जवळ पोचणं कुणालाही सोपं. पेपर सोपा काढायचा आणि नव्वद मार्क मिळाले म्हणून पोराला हुशार म्हणायचं, त्यातली गत. हे आधीच आपल्या लक्षात कसं आलं नाही, म्हणून ती स्वतःवरच चिडली आणि भोकाचं माप विचारायला बुधवारी दस्तगीरच्या गॅरेजात गेली.

त्यानं माप सांगितलं. मग भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली पिशवी काढून तिच्यापुढं ओतली. ब्रेकचे पॅड. तिनं एक उचलून जाडी पाहिली, मग दुसरा, मग तिसरा. सगळे नव्यासारखे.

"दोन वर्षांत चार वेळा बदलले. तुमच्या कागदावर ब्रेकचा दोष आला की आनंदराव चारचौघांत बोलायचे. मी बदलायचो. एकदा बी पॅड खराब नव्हता."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"काय बोलू? कागद तुमचा, पाय त्यांचा. मधी मी कोण?"

ती तिथंच स्टुलावर बसली. डबीला पाय दिसत नाही. डबीला फक्त गाडी मंदावलेली दिसते. ती एका फेरीला अलीकडं आणि दुसऱ्या फेरीला पलीकडं मंदावली, तर पाय डळमळतोय की ब्रेक, हे डबीला कळायचं कसं? ही अडचण तिला गणित मांडतानाही दिसली होती. त्यावर तिनं एक तोडगा काढला होता: चालक जेवढा जुना, तेवढा त्याचा पाय पक्का मानायचा आणि डळमळ गाडीच्या नावावर टाकायची. हा नियम तिला कुठल्या पुस्तकात मिळाला नव्हता. तो तिनं दादाकडं बघून घातला होता. दादाइतका पक्का पाय तिनं जन्मात दुसरा पाहिला नव्हता.

म्हणजे दोन वर्षं यंत्र दादाला मोजतच नव्हतं. तिला दादाबद्दल जे वाटत होतं, तेच ते दर महिन्याला छापून देत होतं.

ती तशीच फौंड्रीत गेली. आनंदरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे तुझं मशीन खोटं?"

"वेळ खरी. दोषाचे रकाने खोटे."

"एकोणीस क्लबांचे खरे आणि माझेच खोटे?"

"सगळ्यांचेच खोटे असतील, दादा! मला माहीत नाही. तेच तर सांगतेय. एकच गाडी दोन माणसांनी चालवून बघितल्याशिवाय कळायचंच नाही, दोष गाडीचा की माणसाचा. आणि तुमच्या क्लबात तर..."

तिला पुढं बोलायची गरज नव्हती. क्लबात कुणी कुणाच्या गाडीला हात लावत नसे. लंगोट आणि गाडी दुसऱ्याला द्यायची नसते, हे तिथं पोरासोरांनाही ठाऊक होतं. मोबाइल देतील, घराची किल्ली देतील, गाडीची देणार नाहीत. इतक्या वर्षांत वाघजाईच्या माळावर एकही गाडी दोन हातांखालून गेली नव्हती. तिच्या गणिताला जी एक गोष्ट हवी होती, नेमकी तीच या लोकांनी हौसेनं बंद करून ठेवली होती.

"शनिवारी सरावाला ये," ती म्हणाली. "आधी तू तीन फेऱ्या मार. मग त्याच गाडीत दस्तगीरभाई मारतील."

"तो? माझ्या गाडीत?"

"नाहीतर रविवारी तुझ्या गाडीत डबी बसणार नाही. आणि डबी नाही तर शर्यत नाही, हा नियम तूच केलायस."

लहानपणापासून या बहिणीनं आनंदरावांना उलट उत्तर दिलं होतं, पण धमकी कधी दिली नव्हती. "चालवू दे त्याला," ते म्हणाले. "ब्रेक कसे हैत ते त्याचं त्यालाच कळंल."

शनिवारी दुपारी माळावर तिघंच होती. दस्तगीर येणार नाही असं वैजयंतीला वाटलं होतं, पण तो आला. येताना पिशवीतले जुने पॅड घेऊन आला आणि दोन वर्षांपूर्वी काढलेला पहिला जोड त्यानं आनंदरावांच्या डोळ्यांदेखत गाडीला बसवला. आनंदराव हेल्मेट घालून बसले आणि चकतीशिवायची गाडी सुटली.

पहिल्या फेरीला इंजिनाचा आवाज ऐकून वैजयंतीच्याही अंगावर काटा आला. हा दादा तिच्या ओळखीचा होता. दुसऱ्या फेरीची वेळ दोन वर्षांतली सगळ्यांत कमी निघाली. तिसऱ्या फेरीला वाघजाईच्या वळणावर गाडी मंदावायला हवी तिथं मंदावलीच नाही. ती डांबर सोडून गवतात घुसली, धुरळ्यात दिसेनाशी झाली आणि कठड्याच्या टायरांपासून हातभर अंतरावर आडवी उभी राहिली. वैजयंती धावत सुटली. दस्तगीर तिच्या पुढं होता.

आनंदराव आपले आपण उतरले. "बघितलंस?" ते दस्तगीरवर ओरडले. "बघितलास तुझा ब्रेक? मेलो असतो आत्ता!"

दस्तगीरनं गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकं पाहिली, हेल्मेटसाठी हात पुढं केला. आनंदरावांना ते द्यायला थोडा वेळ लागला.

साठीचा दस्तगीर काही शर्यतीचा चालक नव्हता. सरळ रस्त्यावर त्यानं गाडी जोरात सोडली, वळणं मात्र बैलगाडी वळवावी तशी घेतली. पण ब्रेक? पहिल्या फेरीला एका दगडापाशी. दुसऱ्या फेरीला त्याच दगडापाशी. तिसऱ्या फेरीलाही तिथंच. वैजयंतीनं पडद्यावरचे आकडे पाहिले. त्याच्या तीन फेऱ्यांत ब्रेक लागण्याच्या जागेत एका मीटरचाही फरक नव्हता. दादाच्या तीन फेऱ्यांत चौदा मीटरचा होता. ब्रेक तेच आणि पॅड दोन वर्षांपूर्वीचे.

मग तिनं आपला तो लाडका नियम काढून टाकला, त्याच्या जागी ब्रेक पक्के धरले आणि दोन वर्षांच्या सगळ्या शर्यती संगणकाला पुन्हा मोजायला लावल्या. त्याला चार मिनिटं लागली. तेवढ्यात तिनं एकोणीस क्लबांना निरोप धाडला, की दोषाचे दोन्ही रकाने चुकीचे आहेत, कृपा करून त्यांवर विसंबू नका, त्यांवरून कुणाला काढलं असेल तर परत बोलवा. पहिलं उत्तर कोइमतूरहून लगेच आलं. आमच्याकडे आकडे अगदी बरोबर येतात, काळजी नसावी. खाली सही तिथल्या अध्यक्षांची, ज्यांचा दोष गेले वर्षभर सगळ्यांत कमी येत होता. तिला फोन गवतात फेकून द्यावासा वाटला.

कागद छापून आला. आनंदराव कठड्याच्या टायरांवर बसले होते. तिनं तो त्यांच्या हातात दिला आणि शेजारी उभी राहिली. दोन वर्षांचे चोवीस महिने एकाखाली एक. गाडीचा दोष जवळजवळ शून्य. चालकाचा दोष पहिल्या महिन्यात थोडा, मग जरा जास्त, मग दर महिन्याला वाढत गेलेला. बहुतेक दादाचे डोळे अधू झाले असावेत, तिच्या मनात आलं, तपासून घ्यायला हवं होतं, तेही दोन वर्षांपूर्वीच.

आनंदरावांनी कागद लांब धरला, जवळ धरला, मग बराच वेळ वाचला. दस्तगीर पलीकडं वाकून गाडीच्या चाकातलं गवत काढत होता.

"म्हंजे तवापास्नं," आनंदराव म्हणाले.

"हो."

"दोन वर्षं मला कुणी फसवलं, वैजू? तू का ह्यानं?"

खोटं बोलायचं तिच्या मनातही आलं नाही. "दोघांनी, दादा."

आनंदरावांनी मान हलवली. त्यांचा राग कुठं गेला होता कोण जाणे, आवाजात नुसता थकवा होता.

"त्यानं फसवलं ते माझ्याकडं बघून," ते म्हणाले. "तू माझ्याकडं बघितलंच न्हाईस."

वैजयंती त्यांच्या शेजारी टायरांवर बसली.

आनंदरावांनी कागदाची घडी घातली, पण ती खिशात ठेवली नाही. हाताचा टेकू घेऊन ते उठले आणि गाडीपाशी गेले.

"दस्तगीर," त्यांनी हाक मारली. "उद्या गाडी काढायची का?"

दस्तगीर गवत काढायचं थांबला. त्यानं आनंदरावांच्या तोंडाकडं नीट पाहिलं, मग त्यांच्या हातांकडं, मग पायांकडं.

"न्हाई," तो म्हणाला.

"बरं," आनंदराव म्हणाले, आणि किल्ली त्यांनी त्याच्याकडंच राहू दिली.